कड्याच्या टोकावरचा सिनेटर

पदावर असताना रणांगणात मारला गेलेला सिनेटर अमेरिकेच्या इतिहासात एकच आहे: ऑरेगॉन राज्याचा एडवर्ड डिकिन्सन बेकर. तारीख २१ ऑक्टोबर १८६१. ठिकाण व्हर्जिनियातल्या लीसबर्ग गावाजवळचा, पोटोमॅक नदीवरचा बॉल्स ब्लफ नावाचा कडा. यादवी युद्ध सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. लढाई तशी लहान होती, दोन्ही बाजूंना प्रत्येकी सतराशेच्या आसपास माणसं. तरीही तिने राष्ट्राध्यक्षाला रडवलं, एका जनरलला विनाआरोप तुरुंगात धाडलं आणि सैन्याच्या कारभारात लक्ष घालायला काँग्रेसला निमित्त दिलं.

बेकर भित्रा नव्हता आणि मूर्खही नव्हता. त्या दिवशी कुणी फितुरी केली नाही. ज्यांच्याकडे हुकूम देण्याचा अधिकार होता, त्यांच्यापैकी प्रत्येकाने एकेक गोष्ट गृहीत धरली. त्या गृहीतांची बेरीज कशी होत गेली, ते तासागणिक पाहण्यासारखं आहे.

२० ऑक्टोबर, रविवार. पूल्सव्हिल, मेरिलँड

उत्तरेच्या जनरल चार्ल्स स्टोनला वॉशिंग्टनहून पोटोमॅक सैन्याचा सेनापती मॅक्लेलन याची तार येते. जनरल मॅकॉलची डिव्हिजन व्हर्जिनियात ड्रेन्सव्हिलपर्यंत पुढे गेली आहे. लीसबर्गमधला शत्रू त्यामुळे हलतो का, यावर नजर ठेवावी. आपल्या बाजूनेही थोडीशी हालचाल दाखवली तर कदाचित तो गाव सोडून जाईल, असं तारेत सुचवलं आहे. नदी ओलांडून लढाई करा असं त्यात कुठेही नाही. करू नका असंही नाही.

स्टोन वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा पदवीधर, शिस्तीचा माणूस. दुपारी तो एडवर्ड्स फेरीच्या घाटावर सैन्य उभं करतो, तोफा डागतो, काही सैनिक नावांतून पलीकडे पाठवतो आणि परत बोलावतो. हुकुमाप्रमाणे देखावा झाला. इथे थांबला असता तर बॉल्स ब्लफ हे नाव लीसबर्गच्या बाहेर कुणाला कळलंही नसतं.

त्याच दुपारी. व्हाइट हाउसचं आवार, वॉशिंग्टन

बेकर आपल्या मित्राला भेटायला आला आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकन झाडाखाली टेकून बसला आहे, बेकर गवतावर पाय पसरून पडला आहे आणि लिंकनचा मुलगा विली पाचोळ्यात खेळतो आहे, असं या भेटीचं वर्णन केलं जातं. निघताना लिंकनची बायको मेरी हिने बेकरला फुलं दिली, असंही सांगतात.

दोघांची ओळख इलिनॉयमधल्या स्प्रिंगफील्डची, पंचवीसेक वर्षांची. बेकर जन्माने लंडनचा, १८११ सालचा. लहानपणी आईवडिलांबरोबर फिलाडेल्फियाला आला. तिथून कुटुंब इंडियानात गेलं, मग इलिनॉयमध्ये. तिथे तो वकील झाला आणि राज्याच्या विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बसला. १८४३ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीसाठी सँगमन काउंटीच्या व्हिग पक्षाने लिंकनला डावलून बेकरला पुढे केलं, आणि वर बेकरचा पाठीराखा म्हणून लिंकनलाच प्रतिनिधी नेमलं. आपण जिच्यावर जीव टाकला तिच्याच लग्नात करवला होण्याची पाळी आली, अशा अर्थाचं लिंकनने तेव्हा मित्राला लिहिलं होतं. त्या खेपेला उमेदवारी तिसऱ्याच माणसाला मिळाली. पुढच्या खेपेला ती बेकरला मिळाली आणि तो निवडून आला. मैत्रीत मात्र ओरखडा उठला नाही. १८४६ मध्ये लिंकनला दुसरा मुलगा झाला, त्याचं नाव त्याने एडवर्ड बेकर लिंकन ठेवलं. ते पोर चार वर्षांचं व्हायच्या आधीच गेलं.

बेकरची वाट मात्र एका गावात संपणारी नव्हती. मेक्सिकोशी युद्ध सुरू झालं तेव्हा काँग्रेसचा सदस्य असतानाच त्याने रेजिमेंट उभी केली. गणवेशातच प्रतिनिधिगृहात येऊन सैनिकांसाठी भाषण केलं, मग सदस्यत्व सोडलं. सेरो गोर्डोच्या लढाईत त्याचा ब्रिगेडप्रमुख जखमी झाला, तेव्हा ब्रिगेडची सूत्रं त्याच्याकडे आली आणि त्याने ती चांगली हाताळली. परतल्यावर इलिनॉयच्या दुसऱ्याच मतदारसंघातून तो पुन्हा काँग्रेसमध्ये गेला. १८५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तिथे कॅलिफोर्नियाचा सिनेटर ब्रॉडरिक १८५९ मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला, तेव्हा त्याच्या शवपेटीशेजारी उभं राहून बेकरने केलेलं भाषण किनारपट्टीभर गाजलं. १८६० मध्ये ऑरेगॉनने त्याला सिनेटवर पाठवलं. ४ मार्च १८६१ रोजी लिंकनच्या शपथविधीला राष्ट्राध्यक्षाच्या बग्गीत बेकर होता, आणि जमावाला लिंकनची ओळखही त्यानेच करून दिली. त्या दिवशी राजधानीत सुरक्षेचा बंदोबस्त पाहणारा अधिकारी होता चार्ल्स स्टोन.

युद्ध पेटल्यावर बेकरने पुन्हा रेजिमेंट उभी केली. नाव कॅलिफोर्निया रेजिमेंट, माणसं बहुतेक फिलाडेल्फियाची. लिंकनने त्याला ब्रिगेडियर जनरल करू म्हटलं. पण राज्यघटनेप्रमाणे काँग्रेसच्या सदस्याला दुसरं सरकारी पद घेता येत नाही. जनरल व्हायचं तर सिनेट सोडावं लागणार. बेकर कर्नलच राहिला आणि कर्नल असूनही त्याच्या हाताखाली ब्रिगेड आली. १ ऑगस्टला तो छावणीतून थेट सिनेटमध्ये गणवेशात गेला आणि केंटकीच्या ब्रेकिनरिजला त्याने असं उत्तर दिलं की गॅलरी दणाणून गेली. एका माणसाला सिनेट आणि पलटण एकाच वेळी सांभाळता येतात, यात त्या दिवसांत फारसं कुणाला वावगं वाटत नव्हतं. त्याच्या ब्रिगेडची छावणी आता स्टोनच्या हाताखाली नदीकाठी होती.

२० ऑक्टोबर, रात्री दहाच्या सुमारास. हॅरिसन बेटासमोरचा कडा

पोटोमॅकच्या मधोमध लांबट हॅरिसन बेट आहे. बेटाच्या व्हर्जिनियाकडच्या अंगाला नदीचा फाटा अरुंद, पण पावसाने फुगलेला आणि वेगवान. पलीकडे शंभरेक फूट उंचीचा दगडी कडा, वर जायला एक वाकडी पायवाट.

कॅप्टन चेस फिल्ब्रिक वीसेक माणसं घेऊन अंधारात वर चढतो. लीसबर्गच्या दिशेने थोडं पुढे जातो. चांदण्यात त्याला एका उंचवट्यावर ओळीने तंबू दिसतात. शेकोटी नाही, पहारेकरी नाही. तंबूंच्या फार जवळ न जाता तो परततो आणि सांगतो: शत्रूची छावणी आहे, पहारा नाही.

तंबू कसले, ती झाडांची ओळ होती. झाडांमधल्या फटींतून पलीकडचं उजळ आभाळ दिसत होतं. शेकोटी आणि पहारेकरी नसण्याचं खरं कारण तिथे कुणी नसणं हे होतं. पण फिल्ब्रिकने ते शत्रूच्या बेफिकिरीचं लक्षण धरलं, स्टोननेही तेच धरलं.

मध्यरात्र ते पहाटे चार

स्टोन १५व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटच्या कर्नल चार्ल्स डेव्हन्सला हुकूम देतो: ३०० माणसं न्यायची, पहाटे छावणीवर छापा घालायचा आणि परत यायचं. मागे आधाराला २०व्या मॅसॅच्युसेट्सची शंभर माणसं घेऊन कर्नल ली कड्यावर थांबेल.

बेटापासून कड्यापर्यंत नेणाऱ्या तीन लहान नावा आहेत. तिन्हींत मिळून तीसेक माणसं मावतात. तीनशे माणसं म्हणजे दहा खेपा, प्रवाह कापत, अंधारात. त्यात तीन-चार तास जातात. पुढे जे झालं ते सगळं या आकड्यात आहे. दिवसअखेर या काठावर सतराशेच्या आसपास माणसं येणार होती. पळून जायची वेळ आली तर त्यांना या तीन नावांत घालायला पन्नासहून जास्त खेपा लागल्या असत्या. छाप्यापुरत्या तीनशे माणसांना त्या चालून गेल्या. आणखी माणसं पाठवायचं ठरलं तेव्हा आधी नावा आणा, असं कुणी म्हटलं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार, पहाट

उजाडल्यावर डेव्हन्स उंचवट्यावर पोहोचतो. तंबूंच्या जागी झाडं. छापा घालायला काहीच नाही. हुकूम परत यायचा होता, पण शत्रूने अजून पाहिलेलं नाही, गाव जवळ आहे. डेव्हन्स थांबतो आणि आता काय करायचं हे विचारायला लेफ्टनंट चर्च हाउ याला स्टोनकडे पाठवतो. हाउला नदी ओलांडून एडवर्ड्स फेरीला जायचं आणि परत यायचं, यात वेळ जाणार.

सकाळी सात-आठच्या दरम्यान

मिसिसिपीच्या एका कंपनीशी डेव्हन्सच्या माणसांची गाठ पडते. थोडा गोळीबार होतो, दोन्हीकडे माणसं पडतात. शत्रूला आता कळलं आहे. लीसबर्गमधल्या दक्षिणी ब्रिगेडचा प्रमुख कर्नल नेथन इव्हान्स आपली माणसं कड्याकडे सरकवू लागतो. त्याला नदी ओलांडायची नाही. तो आपल्याच जमिनीवर उभा आहे.

याच सकाळी आणखी एक गोष्ट घडते, ती नदीकाठी कुणाला माहीतच नाही. मॅक्लेलनच्या हुकुमाने मॅकॉलची डिव्हिजन ड्रेन्सव्हिल सोडून परत फिरते. शत्रूच्या बगलेवर आपली अख्खी डिव्हिजन आहे, गरज पडली तर ती धावून येईल, या विश्वासावर स्टोन दिवसभर वागतो. ती निघून गेली हे त्याला कुणी कळवत नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास. एडवर्ड्स फेरी

बेकर घोड्यावरून स्टोनपाशी येतो. स्टोन त्याला उजव्या बाजूची, म्हणजे बेटाची आणि कड्याची सूत्रं देतो. पलीकडची माणसं परत घ्यायची की आणखी माणसं पाठवायची, हे जागेवर पाहून बेकरने ठरवायचं. लेखी हुकुमातही निवड त्याच्यावर सोडलेली आहे. लढाई संपल्यावर बेकरजवळ सापडलेला हुकूम रक्ताने डागाळलेला होता. पुढे त्यातल्या एकेका शब्दावर बेकरच्या मित्रांनी आणि शत्रूंनी वाद घातला.

स्टोनने चूक केली का? कड्याची खरी स्थिती त्याला माहीत नव्हती. जो अधिकारी प्रत्यक्ष तिथे जाईल त्याच्यावर निर्णय सोपवणं लष्करी रीतीला धरून होतं. पण तो अधिकारी कोण, हा प्रश्न त्याच्या मनात आला असेल का? समोरचा कर्नल सिनेटर होता, राष्ट्राध्यक्षाचा जिवलग मित्र होता आणि आयुष्यभर त्याने शेकडो माणसांसमोर उभं राहून ‘चला पुढे’ असंच म्हटलं होतं. अशा माणसाच्या हातात ‘मागे या’ आणि ‘पुढे जा’ असे दोन्ही पर्याय ठेवले, तर तो कोणता उचलणार होता?

सकाळी दहाच्या सुमारास. कालव्याचा काठ

बेटाकडे जाताना बेकरला वाटेत चकमकीची खबर घेऊन पुन्हा स्टोनकडे निघालेला लेफ्टनंट हाउ भेटतो. ती कळताच बेकर त्याला सांगतो की आपण सगळं बळ घेऊन आता पलीकडे जाणार. अजून त्याने कडा पाहिलेला नाही, बेट पाहिलेलं नाही, नावा पाहिलेल्या नाहीत. माघार की लढाई, हा निर्णय घोड्यावर बसल्याबसल्या झाला आहे.

सकाळी दहा ते दुपारी दोन. मेरिलँडचा काठ आणि हॅरिसन बेट

हे चार तास म्हणजे या दिवसाचा गाभा, आणि यांत जवळपास गोळीबार नाही.

बेकर काठावर आहे. बेकरची माणसं, न्यूयॉर्कची ४२वी टॅमनी रेजिमेंट, मॅसॅच्युसेट्सचे सैनिक, तोफा आणि घोडे मेरिलँडच्या काठाकडे येत राहतात. आधी रुंद पात्र ओलांडून बेटावर जायचं, मग बेट ओलांडून अरुंद फाट्यावर, मग पुन्हा नावेत. दोन ठिकाणी अडथळा आणि दोन्ही ठिकाणी नावा तोकड्या. बेकरला शेजारच्या चेसापीक-ओहायो कालव्यात एक नाव दिसते. ती उचलून नदीत आणण्यात तो स्वतः उभा राहून वेळ घालवतो. एक नाव मिळाली, पण सगळा जमाव सोडून नाव ओढवून घेण्यात सेनापतीचा कितीतरी वेळ गेला. कुणाला आधी न्यायचं, कुणाला मागे ठेवायचं, नावा कुणाच्या ताब्यात असतील, हे पाहायला कुणी अधिकारी नेमला गेला नाही. जे आधी काठावर पोहोचतात, ते नावेत चढतात.

पलीकडे डेव्हन्स एकटा आहे. अकरानंतर त्याच्यावर पुन्हा हल्ला होतो. तो मदत मागतो, हुकूम मागतो. स्टोन चार मैलांवर एडवर्ड्स फेरीला आहे आणि तिथून त्याने दोन हजारांहून जास्त माणसं पलीकडे उतरवली आहेत, पण ती कड्याच्या मदतीला निघालेली नाहीत. बेकर कड्याकडे गेला आहे, तो सांगेल, असं स्टोन समजून चालला आहे.

दुपारी सव्वादोन. कड्याचा माथा

बेकर वर येतो. डेव्हन्स मागे सरकून कड्याजवळच्या मोकळ्या मैदानाच्या उजव्या कडेला आला आहे. बेकर त्याची पाठ थोपटतो, अभिनंदन करतो. थोड्या वेळाने टॅमनी रेजिमेंटचा कर्नल मिल्टन कॉग्स्वेल वर येतो, तर बेकर त्याचं स्वागत वॉल्टर स्कॉटच्या कवितेतली ओळ म्हणून करतो. सहासात तासांपासून लढत असलेल्या माणसांसमोर सेनापती कविता म्हणतो आहे. बेकरला ओळखणाऱ्या कुणालाही त्याचं आश्चर्य वाटलं नसतं. लोकांना उभं करायचं तर शब्दांनी, हे त्याने तीस वर्षं केलं होतं आणि त्याला ते साधलं होतं.

कॉग्स्वेल वेस्ट पॉइंटचा. तो चारीकडे पाहतो आणि त्याला मांडणी पटत नाही. सैन्य एका लहानशा मैदानात, समोर आणि दोन्ही बाजूंना झाडी, पाठीशी सरळ शंभर फुटांचा कडा आणि खाली नदी. डावीकडे ओहोळापलीकडचा उंचवटा शत्रूने घेतला तर सगळी रांग त्याच्या बंदुकीखाली येते. तो उंचवटा आपण घ्यायला हवा, असं तो सुचवतो. बेकर ते मनावर घेत नाही. तो आपल्या कॅलिफोर्निया रेजिमेंटच्या लेफ्टनंट कर्नल आयझॅक विस्टारकडे वळतो. विस्टार हा सॅन फ्रान्सिस्कोमधला त्याचा वकिलीतला भागीदार. बेकर त्याला मांडणीबद्दल मत विचारतो आणि डाव्या बाजूला काही माणसं शत्रूचा ठाव घ्यायला पाठवतो.

दुपारी तीन ते साडेचार

डावीकडे पाठवलेली माणसं झाडीत शिरतात आणि कर्नल हंटनच्या ८व्या व्हर्जिनिया रेजिमेंटवर आदळतात. आता खरी लढाई सुरू होते. मिसिसिपीच्या १८व्या रेजिमेंटचे आणि पुढे १७व्या रेजिमेंटचे सैनिक येत जातात. दक्षिणी सैनिक झाडीच्या आडोशाने गोळ्या घालतात, उत्तरेचे उघड्यावर उभे.

मोठ्या कष्टाने कड्याच्या पायवाटेने वर चढवलेली एक खोबणीदार तोफ आणि दोन लहान डोंगरी तोफा मैदानात आहेत. तोफेच्या माणसांना एकेक करून टिपलं जातं. ती चालवायला कुणी उरत नाही, तेव्हा खुद्द कर्नल मंडळी तिला हात लावतात. बेकरही त्यात असतो. काही वेळाने ती गप्प होते.

२०व्या मॅसॅच्युसेट्समधला हार्वर्डहून नुकताच बाहेर पडलेला वीस वर्षांचा लेफ्टनंट ऑलिव्हर वेंडेल होम्स छातीत गोळी लागून कोसळतो. तो जगला आणि पुढे तीस वर्षं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसला. विस्टारला तीन ठिकाणी गोळ्या लागतात. पलीकडे १८व्या मिसिसिपीचा कर्नल बर्ट जबर जखमी होतो, तो पुढे मरतो. बेकर रांगेच्या पुढून फिरतो, माणसांना धीर देतो. आडोसा घेत नाही. त्याच्या धैर्याबद्दल तिथल्या कुणालाच शंका नव्हती आणि नंतरही कुणी घेतली नाही.

पाचच्या सुमारास

झाडीतून काही दक्षिणी सैनिक पुढे येतात. बेकर रांगेच्या पुढे आहे. एकाच वेळी अनेक गोळ्या त्याच्या अंगात घुसतात आणि तो जागीच मरतो. कॅप्टन बिएरल काही माणसं घेऊन पुढे झेपावतो आणि हातघाईत त्याचा देह परत आणतो. देह कड्याखाली नेला जातो, नावेतून बेटावर आणि मग मेरिलँडला.

आता सूत्रं कॉग्स्वेलकडे. त्याला एकच रस्ता दिसतो: डाव्या बाजूने शत्रूची फळी फोडायची आणि नदीकाठाने एडवर्ड्स फेरीकडे निघायचं. तीच डावी बाजू, जिथला उंचवटा घ्यावा असं तो दुपारी म्हणाला होता. प्रयत्न फसतो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास. कड्याच्या पायथ्याशी

रांग मोडते. माणसं पायवाट सोडून कड्यावरून खाली घसरतात, एकमेकांच्या अंगावर, बंदुकांच्या संगिनींवर पडतात. वरून शत्रू कड्याच्या कडेला येऊन खाली गोळ्या घालतो. खाली अरुंद काठ, अंधार पडू लागलेला आणि नावा. जखमींना नेणारी मोठी सपाट नाव माणसांच्या गर्दीने पाण्यात बसते आणि बुडते. लहान नावांवर इतके लोक झोंबतात की त्याही जातात किंवा उलटतात. ज्यांना पोहता येतं ते कपडे-बूट काढून, बंदुका नदीत फेकून पाण्यात उतरतात. त्यांतले किती मध्येच गेले, ते कळायला दिवस लागले.

कॉग्स्वेल, ली आणि शेकडो माणसं कैद होतात. लीबरोबर त्याचा मेजर पॉल जोसेफ रिव्हिअर, स्वातंत्र्ययुद्धातल्या प्रसिद्ध पॉल रिव्हिअरचा नातू. डेव्हन्स पाण्यातून पलीकडे पोहोचतो. मेरिलँडहून आणखी माणसं आणून हा काठ सावरता आला असता, पण त्यांना इकडे आणायला काही उरलेलं नाही.

त्याच संध्याकाळी. वॉशिंग्टन, मॅक्लेलनचं मुख्यालय

लिंकन तारघरात येतो. बेकर मारला गेल्याची तार येऊन पडलेली असते. तिथे हजर असलेल्या एका पत्रकाराने पुढे लिहिलं की राष्ट्राध्यक्ष मान खाली घालून, गालांवरून अश्रू वाहत असताना बाहेर आला, रस्त्यावर पाय टाकताना अडखळला आणि पहारेकऱ्यांच्या सलामीकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

पुढचे दिवस

उत्तरेचे ४९ मेले, १५८ जखमी, ७१४ बेपत्ता असा सरकारी आकडा लागला. बेपत्तांत बहुतेक कैदी, बाकीचे बुडालेले. दक्षिणेची हानी १५५ च्या आसपास. पुढचे कित्येक दिवस पोटोमॅकच्या प्रवाहातून प्रेतं वाहत राजधानीपर्यंत आली. २४ ऑक्टोबरला अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंतची पहिली तारवाहिनी पूर्ण झाली आणि तिच्यावरून सॅन फ्रान्सिस्कोला गेलेल्या अगदी सुरुवातीच्या बातम्यांत बेकरच्या मृत्यूची बातमी होती. ज्या शहराने त्याचं भाषण डोक्यावर घेतलं होतं, तिथेच त्याला पुरलं.

दोष कुणाचा, यावर लगेच वाद पेटला. मॅक्लेलनने आपल्या जनरलांना कळवलं की चूक जागेवरच्या सेनापतीची, स्टोनची नव्हे. पण जागेवरचा सेनापती आता हुतात्मा होता. शिवाय तो सिनेटर होता, आणि मेलेल्या सिनेटरला दोष देणं वॉशिंग्टनमध्ये कुणालाच परवडणारं नव्हतं. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये त्याच्यावर शोकभाषणं झाली, तेव्हा लिंकन स्वतः येऊन बसला. त्याच महिन्यात युद्धाच्या कारभाराची चौकशी करणारी काँग्रेसची संयुक्त समिती नेमली गेली: तीन सिनेटर, चार प्रतिनिधी, अध्यक्ष ओहायोचा बेंजामिन वेड.

समितीने बंद दाराआड साक्षी घेतल्या. स्टोनबद्दल आधीच संशय होता. पळून आलेल्या गुलामांना मालकांकडे परत द्यायचा हुकूम त्याने आपल्या सैनिकांना दिला होता, त्यावरून मॅसॅच्युसेट्सचे पुढारी त्याच्यावर चिडले होते, आणि त्याने त्यांना तितक्याच कडक भाषेत उत्तर दिलं होतं. त्याच्याविरुद्ध काय साक्षी झाल्या, त्या त्याला दाखवल्या गेल्या नाहीत. फेब्रुवारी १८६२ मध्ये मध्यरात्री त्याला अटक झाली. फोर्ट लाफायेट आणि फोर्ट हॅमिल्टनमध्ये त्याला १८९ दिवस ठेवलं. आरोपपत्र नाही, खटला नाही. अटक झालेल्या अधिकाऱ्यावर ठरावीक मुदतीत आरोप ठेवावेत, असा कायदा काँग्रेसनेच त्या उन्हाळ्यात केला, तेव्हा ऑगस्टमध्ये तो सुटला. सैन्यात त्याला पुन्हा मान मिळाला नाही. पुढे तो इजिप्तचा शासक असलेल्या खेदिवाचा प्रमुख सेनाधिकारी झाला आणि परत आल्यावर न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्याचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं. बेकरचा संगमरवरी पुतळा कॅपिटॉलमध्ये उभा राहिला.

बेकरने नावा मोजल्या नाहीत, हे खरं. पण मोजायला त्याला शिकवलं कुणी होतं? सेरो गोर्डोला नदी ओलांडायची नव्हती. तिथे पुढे जायचं होतं, आणि पुढे जायला धैर्य पुरेसं होतं. स्टोनने निर्णय त्याच्यावर सोपवला तो रीत म्हणून. मॅक्लेलनने मॅकॉलला परत बोलावलं आणि स्टोनला कळवायचं राहिलं, तेही गृहीत म्हणून. या सगळ्यांच्या मुळाशी एक समजूत होती: जो लोकांना पेटवू शकतो, तो त्यांना लढाईतही नेऊ शकतो. सिनेटमधला मान रणांगणावरच्या दर्जाइतकाच भरवशाचा धरला गेला, म्हणून कर्नलाला ब्रिगेड मिळाली.

समितीने तंबूंबद्दल विचारलं, हुकुमाच्या शब्दांबद्दल विचारलं, एडवर्ड्स फेरीच्या सैन्याबद्दल विचारलं. सिनेटमध्ये जागा राखून ब्रिगेड चालवायची मुभा बेकरला का होती, याची मात्र त्या सात माणसांनी चौकशी केली नाही. त्या प्रश्नाचं उत्तर स्टोनच्या छावणीत सापडणारं नव्हतं. ते त्यांच्या स्वतःच्या काँग्रेसमध्येच होतं, जिथे ऑगस्टमध्ये गणवेशातल्या सिनेटरला टाळ्या मिळाल्या होत्या.